दारू सुटली, आता शाळा: विदर्भातल्या गावांतले अनुभव

वर्ध्यात 1975 पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून. चंद्रपुरात 2015 ला आली आणि 2021 ला उठली. बंदीवर आपण भरपूर बोललो. पण ज्यानं सोडली त्याच्या पुढच्या आयुष्याचं काय, हे कोणी विचारत नाही. व्यसनातून बाहेर येताना ज्यांनी शिक्षण पुन्हा धरलं, त्यांनी लिहावं, घरच्यांनीही लिहावं. नाव-गाव पूर्ण देऊ नका.

एक गोष्ट आधीच सांगते. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडा. 14446 या व्यसनमुक्तीच्या हेल्पलाइनवर विचारता येतं.

हिंगणघाटकडचा

मी नववीत शाळा सोडली होती. व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलो तवा वावरातलं काम जड नाही गेलं, संध्याकाळ जड गेली. दिवेलागणीले पाय आपोआप दारूच्या नाल्याकडं वळत. आमच्या दारू सोडलेल्यांच्या मीटिंगमधल्या एका म्हाताऱ्या भाऊनं 17 नंबर फॉर्मचं सांगतलं, का बाहेरून दहावी देता येते. जुन्या शाळेत दाखला काढाले गेलो. बाबूनं रजिस्टर उघडलं. माह्यं नाव होतं, अन् शेऱ्याच्या खान्यात लिहून होतं, 'सतत गैरहजर'. दाखला घेऊन मी किती तरी वेळ वऱ्हांड्यात बसून होतो.

गणित पुतणीनं शिकवलं, ते तवा नववीत होती. हाताले कापरं होतं, आलेखाची रेघ वाकडी जाये. मंग ते पट्टी दोन्ही हातानं दाबून धरे अन् म्हने, "काका, आता ओढा." कापूस वेचाईचे दिवस अन् अभ्यासाचे दिवस एकच येतात. दिवसभर वावरात, रात्री पुस्तक. डोळे मिटत, पण नाल्याची आठवण येत नव्हती, हे मी छातीठोक सांगतो. गणित राहिलं होतं, ते पुरवणी परीक्षेत काढलं. आता आयटीआयले वायरमन ट्रेड करतो. तिथं वयाची वरची अट नाही, हे लय जनाईले माहीतच नाही.

दारव्ह्याची, बायकोच्या बाजूनं

आमच्याकडे शिकले ते नाही, मी शिकली. चालेल ना?

आधी एक सांगते. कोणी 'भाजीत मिसळा, दारू सुटते' म्हणून पुडी देत असेल तर घेऊ नका. दारू नकोशी करणारी गोळी डॉक्टर माणसाला सांगून, त्याच्या मर्जीनं देतात. तिच्यावर दारू पोटात गेली तर जिवावर बेतते. मलाही अशी पुडी आणून दिली होती. आशाताईंनी हातातून घेतली अन् खूप रागावल्या. बरं झालं.

यांचे उपचार सुरू असताना मी दवाखान्याच्या बाकावर बसून बारावीचं मराठीचं पुस्तक वाचायची. लग्नामुळे सुटलं होतं सगळं. आता नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. करते, तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर जाते. त्या दिवशी स्वयंपाक यांच्याकडे. सासूबाई आधी रागावून बोलल्या, मग शेजारणीला त्याच सांगायला लागल्या, आमची सून कॉलेजात आहे.

आरमोरीकडून

खर्ऱ्याला आमच्याकडे कोणी व्यसन धरतच नाही. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटायचा, पाहुण्यालाही द्यायचा. माझं तोंड दोन बोटांपुरतंच उघडत होतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, जबडा आखडतो तो सुपारीनं, नुसता तंबाखू सोडून भागणार नाही. नर्सिंगचं पहिलं वर्ष अर्धवट टाकलं होतं, ते पुन्हा सुरू केलं. हॉस्टेलवर खर्रा खाणाऱ्या पोरींना मी माझं तोंड उघडून दाखवते.

गावातली अभ्यासिका सांभाळणारा, मोर्शी तालुका

आमच्याकडे केंद्रातून आलेले दोन पोरं बसतात. पहिले काही दिवस भरतीचा अभ्यास करणारी मुलं त्यांच्या टेबलाशी जात नव्हती. मी कोणाला काही बोललो नाही, त्यांचं टेबल उचलून मधोमध ठेवलं. आता इंग्रजी एकमेकांना विचारतात.

पोळ्याला मात्र मला धास्ती असते. बैल सजतात, गावभर वाटी फिरते, नाही म्हणणाऱ्याचा हात धरून पाजतात. म्हणून पोळ्याच्या दिवशीही अभ्यासिका उघडी ठेवतो, मीही तिथंच बसतो. गावच्या मोठ्या माणसांनो, पाजू नका. एवढंच मागतो. एक पोरगा घसरलाही होता. चार दिवसांनी आला, खाली मान घालून. मी त्याच्यासमोर पुस्तक उघडून ठेवलं, कुठपर्यंत झालं होतं ते त्यालाच आठवत होतं.

उमरखेडहून, एक प्रश्न

माझा शाळा सोडल्याचा दाखला पिण्याच्या दिवसांत कुठं हरवला माहीत नाही. 17 नंबरसाठी काय करू?

हिंगणघाटकडचा

भाऊ, जिथं शेवटी शिकला त्याच शाळेत दुय्यम दाखल्याचा अर्ज दे. प्रतिज्ञापत्र लागते. फॉर्मच्या तारखेची वाट नको पाहू, आत्ताच जा. मुख्याध्यापकांशी बोलाले लाज वाटत असंन तं कोणाले सोबत ने. मी यवतमाळले येत असतो, सांग, येतो.