प्रेसबिटरी सोडून डायोसिसमध्ये जायचं का?

भुसावळकर :
जय ख्रिस्त. आमची मंडळी (एका चर्चचा भाविक-समुदाय) लहान, ७० घरांची. आजोबांच्या पिढीत मिरज-सांगलीकडून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आलेल्या कुटुंबांनी उभी केलेली. म्हणून घडण प्रेसबिटेरियन : मंडळीने निवडलेले वडील (ज्येष्ठ कारभारी), त्यांचं सेशन म्हणजे कारभारी सभा, त्यावर प्रेसबिटरी म्हणजे अशा अनेक मंडळ्यांची वरची सभा. प्रेसबिटरी मात्र अजून तिकडे दक्षिणेलाच. आता ठराव आलाय की तिच्यातून निघून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या नाशिक डायोसिसमध्ये, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या विभागात, जावं. मी ठरावाच्या बाजूने आहे.

आमचे पाळकसाहेब निवृत्त होऊन १४ महिने झाले. आपल्या रीतीत प्रभुभोजन (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस) आणि बाप्तिस्मा दीक्षित (दीक्षा झालेल्या) पाळकानेच द्यायचा. सेशनही पाळक अध्यक्षस्थानी असल्याशिवाय भरत नाही. पाळक नसेल तर प्रेसबिटरीने हंगामी अध्यक्ष नेमायचा. नेमले. ते बिचारे महाराष्ट्र एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून येतात, उपासना घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात. १४ महिन्यांत तीनदा आले. परवा कपाट उघडलं तर प्रभुभोजनाच्या पेल्यांवर झाकलेल्या कापडाला घडीवर पिवळा पट्टा पडलेला. आई ८४ वर्षांची. महिन्याच्या पहिल्या शनिवारी काळ्या मनुका भिजत घालायची आणि पहाटे उठून प्रभुभोजनासाठी रस गाळायची. अजून विचारते, "या शनिवारी घालू का रे?" नाशिक रेल्वेने चार तासांवर आहे.

रावेरची सून :
दादा, आईंचं वाचून गलबलून आलं. तरीही मी विरोधातच. डायोसिस म्हणजे बिशप, आणि पाळकाची नेमणूक-बदली तिकडून. आपल्याकडे मंडळी पाळकाला बोलावते. चिठ्ठी टाकताना माझ्या सासूबाईंचं मत आणि मोठ्या साहेबाचं मत सारखंच मोजलं गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आपल्या भिंती कशा उभ्या राहिल्या ठाऊक आहे ना? कापणीच्या सणाला रावेरहून केळीचे घड आणायचे, उपासनेनंतर लिलाव, त्या पैशांतून विटा. अशी मंडळी दुसऱ्याच्या हवाली करताना हात थरथरायला हवा. शिवाय पाळकांची टंचाई कुठे नाही? पाटी बदलली म्हणून पाळक येईलच असं कोण सांगतं?

मूळचा जळगावचा, सध्या पुणे :
ताई, डायोसिस परक्याची नाही. १९२४ साली प्रेसबिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झालं. तेच १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आलं. आपलीच माणसं तिथे आहेत. अँग्लिकन, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स हे पंथही त्यातच. बाळाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही तिथे मान्य. इतकं मोठं मन असलेल्या घरात जायला भीती कशाची?

रावेरची सून :
माणसं आली, पण सेशन आलं का? वडिलांची प्रार्थनापूर्वक दीक्षा होते, ते मंडळीच्या आत्म्यांचे राखणदार. तिकडे मंडळीचा कारभार पाहणारी पास्टोरेट कमिटी निवडून येते हे मान्य, पण दोन्हींची तुलना मला पटत नाही.

ट्रस्टचे कागद पाहणारा :
बाजू कुठलीही घ्या, पण आधी जमिनीचं बघा. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस एकत्र आली. गुजरातेतल्या ब्रेदरन चर्चने विलीनीकरणाचा ठराव केला होता. मालमत्तेवरून भांडण कोर्टात गेलं आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या ठरावाने ट्रस्टची मालमत्ता नव्या चर्चकडे जात नाही, कायद्याची रीत पाळावी लागते. चाळीस वर्षांवर काळ गेला हो, पिढी खपली त्यात!

आपल्याकडे १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा लागू. विश्वस्त बदलले की कलम २२ खाली ९० दिवसांत बदल अर्ज. जागा विकायची किंवा बक्षीस द्यायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी. म्हणून सिटी सर्व्हेचा उतारा काढा. मालक म्हणून नाव कोणाचं लागलंय : मंडळीचं, जुन्या मिशनचं की प्रेसबिटरीचं? ते कळेपर्यंत मतदान घेऊ नका.

नवापूरहून :
आम्ही वेगळ्या मंडळीचे, पण एक सुचवतो. तुमच्या प्रेसबिटरीने लेखी परवानगी दिली तर जवळच्या दुसऱ्या चर्चचे दीक्षित पाळक महिन्यातून एकदा प्रभुभोजन देऊ शकतील. मागून तर बघा.

भुसावळकर :
हे आम्हाला सुचलंच नव्हतं. प्रेसबिटरीला पत्र लिहितो. वर्षभर आम्ही फोनवर नुसतं रडत होतो, लेखी काहीच मागितलं नाही, ही चूक आमचीच. उतारा सोमवारी काढतो. माझं मत बदललेलं नाही. १४ महिन्यांत ज्यांना तीनदाच पोचता आलं, त्यांच्याशी नातं कागदावरच उरतं असं मला वाटतं. पण ट्रस्टवाले भाऊ म्हणतात ते बरोबर, मतदान पुढे ढकलायला हवं. स्थापनेच्या वेळचं सेशनचं मिनिटबुक कुणाकडे आहे का? जागा कुणाच्या नावे घेतली ते त्यात असणार.

रावेरची सून :
सासऱ्यांच्या लोखंडी पेटीत आहे. वाळवीने कडा खाल्ल्यात, पण अक्षर वाचता येतं. रविवारी घेऊन येते. मत मात्र माझं विरोधातच पडणार, दादा.