फूल वाहायचं, नारळ वाढवायचा: पूजेतली क्रियापदं

विचारणा

घरातल्या मुलांसाठी रोजच्या देवपूजेच्या पायऱ्या सोप्या मराठीत लिहून काढते आहे. लिहिताना सगळीकडे ‘अर्पण करा’ येऊ लागलं. फूल अर्पण करा, अक्षता अर्पण करा, नैवेद्य अर्पण करा. वाचायला फार कोरडं वाटतं. घरातल्या मोठ्या बायकांच्या बोलण्यात दर वस्तूला वेगळं क्रियापद असे. त्यांत अर्थाचा फरक आहे, की ती नुसती बोलण्याची सवय?

उत्तर

अर्थाचा फरक आहे, आणि तो जपायलाच हवा.

गंध सहाणेवर उगाळतात आणि देवाला लावतात. फुलं, तुळस, अक्षता वाहतात. समई लावतात, निरांजन ओवाळतात. नैवेद्य दाखवतात. प्रदक्षिणा घालतात. तीर्थ घेतात, ‘पीत’ नाहीत.

षोडशोपचारांची, म्हणजे पूजेतल्या सोळा उपचारांची, सुरुवात पाहा: आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, आचमन, स्नान. या म्हणायचं, बसायला द्यायचं, पाय धुवायला पाणी द्यायचं. हे सगळं घरी आलेल्या थोर पाहुण्याचं आगतस्वागत आहे. पाहुण्याला आपण पाट ‘अर्पण’ करत नाही, पाट मांडतो. जेवण ‘अर्पण’ करत नाही, पान वाढतो. देवाशी बोलतानाही तीच घरगुती, आदराची क्रियापदं आली.

‘वाहणे’ हे मला यांतलं सर्वांत सुंदर वाटतं. मूळ संस्कृत ‘वह्’ धातू, म्हणजे वाहून नेणे. भार वाहतो, काळजी वाहतो, तसंच फूल वाहतो. गीतेच्या नवव्या अध्यायात (9.22) भगवंत भक्ताला सांगतात, ‘योगक्षेमं वहाम्यहम्’, म्हणजे भक्ताच्या चरितार्थाची आणि रक्षणाची काळजी मी वाहतो. तिथेही धातू हाच. भक्त फूल वाहतो, देव त्याचा योगक्षेम वाहतो. ‘फूल चढवा’ हे हिंदीच्या वळणाचं आहे. मुलांसाठी लिहिताना कृपा करून ‘वाहा’च ठेवा.

‘नैवेद्य दाखवणे’ याला काही जण हसतात: दाखवायचा आणि आपणच खायचा! पण नैवेद्य हा शब्द ‘निवेदन’ याच कुळातला. निवेदन म्हणजे कळवणं, समोर ठेवून सांगणं. तेव्हा ‘दाखवणे’ अगदी बरोबर आहे. पानाभोवती पाणी फिरवून ‘प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा…’ म्हणतात, ते हेच निवेदन.

शंका

मग ‘देवाला प्रसाद दाखवला’ हे चूक ना? हल्ली सर्रास ऐकू येतं.

उत्तर

चूकच. दाखवेपर्यंत नैवेद्य, दाखवून झाल्यावर प्रसाद. देवावरून उतरवलेल्या फुलांचं तसंच निर्माल्य होतं. म्हणून निर्माल्य पायदळी येऊ देत नाहीत आणि केरातही टाकत नाहीत.

पुरवणी

नारळाचं राहिलं. देवापुढे नारळ ‘वाढवतात’. फोडणे, तुटणे, विझणे, संपणे हे शब्द शुभकार्यात तोंडातून येऊ नयेत, हा यामागचा विचार. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणतात. दिवा ‘शांत झाला’ म्हणतात. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायचं, हा त्याच वळणाचा शिष्टाचार. यात अंधश्रद्धा आहे म्हणून टाळणारेही आहेत. मला मात्र वाटतं, समोरच्याच्या मनाला लागेल असा शब्द बाजूला ठेवणं ही साधी माणुसकी आहे. चटणीसाठी फोडायचा असेल तर खुशाल ‘फोडा’ म्हणा.

शंका

प्रदक्षिणा ‘घालणे’ की ‘मारणे’? आमच्याकडे तरुण मंडळी ‘दोन प्रदक्षिणा मारून येतो’ म्हणतात.

उत्तर

‘घालणे’. फेऱ्या माराव्यात, चकरा माराव्यात, प्रदक्षिणा घालावी. शब्दातच ‘दक्षिण’ आहे, म्हणजे उजवा. देव आपल्या उजव्या हाताला ठेवून चालायचं. महादेवाची प्रदक्षिणा अर्धी असते: अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हाळ ओलांडत नाहीत, तिथवर जाऊन मागे फिरतात. तिला सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात.

नमस्कारही ‘घालतात’, पण तो साष्टांग असेल तर. हात जोडून केलेला नमस्कार ‘करतात’ आणि वडीलधाऱ्यांच्या ‘पाया पडतात’. साष्टांगातली आठ अंगं म्हणजे छाती, डोकं, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे. मन आणि वाणीही त्यात मोजली आहेत, हे मुलांना आवर्जून सांगा.

विचारणा करणारीकडून

खूप उपयोग झाला. मग ‘अर्पण’ हा शब्द काढूनच टाकू का?

उत्तर

काढू नका, त्याला त्याची जागा आहे. पूजा संपल्यावर हातावर पाणी घेऊन ‘श्रीकृष्णार्पणमस्तु’ म्हणतात, तिथे तो खरा शोभतो. तिथे वस्तू द्यायची नसते, केलेलं कर्मच देवाच्या स्वाधीन करायचं असतं. आणि ते पाणी ताम्हनात ‘टाकतात’ असं लिहू नका, ‘सोडतात’ लिहा. एखाद्या गोष्टीवर ‘पाणी सोडणे’ हा वाक्प्रचार अशाच उदक सोडण्यावरून आला आहे.