पुढचं डावं चाक तापतंय, ब्रेक सुटत नाही: कॅलिपर की होज?

सरळरस्ता
गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, ८२,००० किमी. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. महिन्यापूर्वी पुढचे पॅड घरीच बदलले. आता वीसेक मिनिटं चालवली की पुढचं डावं चाक हात लावता येणार नाही इतकं तापतं, जळका वास येतो आणि ब्रेक न दाबताही गाडी डावीकडे ओढते. तासभर उभी केली की सगळं ठीक. पेडल कडक आहे, खाली जात नाही. ब्रेक ऑइल पातळीत, पण रंग कोऱ्या चहासारखा. गॅरेजमध्ये चाक न उघडताच 'कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बदला' सांगितलं. त्याआधी घरी काय तपासता येईल? जॅक, दोन स्टँड, टॉर्क रेंच आहे.

रिंगपाना
कॅलिपरचे पैसे घालवण्याआधी ही चाचणी करा. थंड गाडीवर केली तर फसाल, कारण थंड झाल्यावर तुमचा ब्रेक सुटतोच आहे. फिरवून आणा, वास यायला लागला की लगेच करा.

सपाट जागा, मागच्या चाकांना गुटके, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रल. पुढची बाजू उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. डावं चाक काढा आणि डिस्क हबवर घट्ट बसावी म्हणून दोन नट उलटे लावा. हातमोजे आणि चष्मा घाला, सगळं तापलेलं असतं. कुणाला तरी पेडल चार-पाच वेळा जोरात दाबून सोडायला सांगा, मग डिस्क हाताने फिरवा. किंचित घासल्याचा आवाज चालतो. फिरतच नसेल तर ब्लीडर निपलला (कॅलिपरवरचं ऑइल आणि हवा बाहेर काढायचं तोंड) पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडा आणि रिंग पान्याने निपल पाव आटा सोडा. ओपन पाना वापरू नका, निपलचे कोपरे जातात.

ऑइलची चिळकांडी उडून डिस्क मोकळी झाली तर दाब आत अडकत होता, कॅलिपर बिचारा निर्दोष. दोन थेंब येऊन डिस्क तशीच जाम राहिली तर पिस्टन, पिन किंवा पॅड अडकलेत.

गंजलेला_नट
जाम राहिलीच तर आधी पॅडचे कान (दोन्ही टोकांचे बाहेर आलेले भाग) बघा. नव्या पॅडच्या कानांवर रंगाचा जाड थर असतो आणि ब्रॅकेटमध्ये स्टीलच्या क्लिपखाली गंज फुगलेला असतो. पॅड बोटाने सरकला पाहिजे, हातोडीने नव्हे. क्लिप काढून खालचा गंज कानसीने घासा.

मग स्लाइड पिन, ज्यांवर कॅलिपर सरकतो. दोन्ही पिन काढून पुसा. बऱ्याच गाड्यांत एका पिनवर रबरी बुश असतो, त्यामुळे कुठली वरची, कुठली खालची हे काढतानाच लिहून ठेवा. अदलाबदल झाली की नेमकं हेच दुखणं सुरू होतं. ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकसाठीचं हवं. बेअरिंगचं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पिस्टनचा डस्ट बूट (धूळ अडवणारं रबर) फाटलेला आणि पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील तर मात्र गॅरेजवाला बरोबर.

उताराला_दुसरा
मास्टर सिलिंडरही (पेडलच्या जोराने ऑइलवर दाब देणारा पंप) असू शकतो. इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर असलेल्या गाडीत ब्रेकची विभागणी बहुधा तिरकी असते: पुढचं डावं आणि मागचं उजवं एकाच लाइनवर. मागचा उजवा ड्रमही तापतोय का ते पाहिलंत का?

सरळरस्ता
मागचे दोन्ही ड्रम सारखेच कोमट. रिंगपाना यांची चाचणी केली. डिस्क जाम होती, निपल सोडल्यावर चिळकांडी उडाली आणि एका बोटाने फिरायला लागली. पिन आणि पॅड मोकळे आहेत.

रिंगपाना
मग होजच, म्हणजे कॅलिपरला ऑइल नेणारी रबरी नळी. खात्री हवी असेल तर पुन्हा जाम करून, होजला जिथे लोखंडी पाइप जोडलाय तो नट किंचित सोडा. तिथे सोडून मोकळं झालं तर दोष वर, मास्टरकडे. तरीही जाम राहिलं तर होज.

कारण असं. पायाचा जोर ऑइलला अरुंद झालेल्या होजमधूनही पुढे ढकलतो. परत यायला मात्र पिस्टनच्या रबरी सीलचा पीळ तेवढाच असतो, तो अगदी कमजोर. होज आतून फुगली किंवा आतला पापुद्रा सुटला की तो झडपेसारखा बसतो. बाहेरून होज नवीकोरी दिसते. पॅड बदलताना कॅलिपर होजवर लटकत ठेवला होता का? तसं झालं असेल तर आतून फाटायला तेवढं पुरतं. पुढच्या वेळी तारेने स्प्रिंगला टांगा. होज धरणारी पत्र्याची क्लिपही बघा, किनारपट्टीच्या गाड्यांत तिच्या आत गंज साचून होज आवळली जाते.

बदलताना दोन्ही पुढच्या होज बदला. बॅन्जो बोल्ट (होज कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट) असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घ्या, जुने दाबलेले असतात आणि गळतात. पाइपचा नट फ्लेअर पान्यानेच (नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा पाना) सोडा. होजला पीळ पडू देऊ नका. स्टीअरिंग दोन्ही टोकांना फिरवून ती टायरला लागत नाही ना, ते पाहा.

कोऱ्या चहाच्या रंगाचं ऑइल आता सगळंच बदला. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर जो ग्रेड लिहिलाय तोच घ्या. डॉट ४चा उत्कलनबिंदू कोरडा असताना किमान २३०, पाणी शोषल्यावर १५५ अंश, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात चालत नाही. एक लिटर पुरेल. टाकी मिनिममच्या खाली गेली की हवा शिरते आणि मेहनत पाण्यात. मदतनीस पेडल दाबून धरतो, तुम्ही निपल सोडता, बंद करता, मगच तो पेडल सोडतो. पेडल अगदी तळापर्यंत नेऊ नका, जुन्या मास्टरचे सील तिथल्या गंजावर घासून फाटतात. कुठल्या चाकापासून सुरुवात करायची ते मॅन्युअलमध्ये पाहा. रंगावर ऑइल सांडलं तर लगेच पाणी ओता, पुसत बसू नका.

गंजलेला_नट
डावे पॅड तापून चकाकत असतील तर तेही जोडीने बदला. आणि गाडी हलवण्याआधी, इंजिन बंद असतानाच, पेडल कडक होईपर्यंत पंप करा.