संदर्भसूचीत डीओआय सक्तीचा करावा का?

तळटीप: आमच्या विद्याशाखेत पीएचडीच्या संदर्भसूचीतल्या प्रत्येक लेखाला डीओआय (लेखाची कायमची ओळख देणारा, लिंकसारखा उघडणारा क्रमांक) हवाच, असा नियम येऊ घातलाय. मी त्याच्या बाजूने आहे. साध्या लिंका टिकत नाहीत. नियतकालिकाचं संकेतस्थळ बदललं की "पान सापडले नाही". डीओआयचं तसं नाही. प्रकाशकाने नवा पत्ता नोंदवला की जुनाच क्रमांक तिकडे नेतो. शोधणंही सोपं. हे क्रमांक नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेच्या शोधपेटीत अख्खा संदर्भ चिकटवायचा, बहुतेकदा वरच सापडतो. ही व्यवस्था २००० च्या सुमाराची, पण जुन्या लेखांनाही मागाहून क्रमांक मिळालेत. वॉटसन-क्रिक यांच्या १९५३ च्या डीएनएवरच्या लेखालाही आहे.

बखरवाला: विज्ञानवाले दिसता! 'सत्यकथा' १९८२ मध्ये बंद पडलं. त्यातल्या लेखाचा डीओआय मी कुठून पैदा करू? क्रमांक घ्यायचा प्रकाशकाने, त्यासाठी क्रॉसरेफची वर्गणी भरायची, तीही डॉलरमध्ये. वर्गणीदारांच्या जिवावर तग धरून असलेलं त्रैमासिक हे करणार? हा नियम आला की पोरं मराठी लेख गाळणार आणि त्याच विषयावरचा क्रमांकवाला इंग्रजी लेख घालणार. मार्गदर्शकही म्हणणार, जाऊ दे, कशाला अडकायचं.

तळटीप: नसेल तिथे वर्ष, अंक, पृष्ठ द्यावं, त्याला कोण नाही म्हणतंय? शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या प्रबंधांना १०६०३ ने सुरू होणारा हँडल, म्हणजे तसाच कायमचा क्रमांक, असतो, तोही चालवावा. डीओआय त्याच हँडल यंत्रणेवर उभा आहे.

बखरवाला: 'असेल तिथे' हे शब्द मसुद्यात आहेत का? नसतील तर खिडकीवरचा कारकून रकाना रिकामा बघून प्रबंध परत करणार.

कपाट क्र. ७: ग्रंथालयात आहे म्हणून सांगते. नुसता रकाना भरून काही होत नाही. संदर्भाच्या शेवटचा पूर्णविराम क्रमांकाला चिकटून कॉपी होतो आणि लिंक उघडत नाही. मराठी कळफलक चालू ठेवून टाइप केलं की आकडे देवनागरीत पडतात, दिसायला झकास, पण त्या आकड्यांनी काही उघडत नाही. हल्ली तर एआयने रचलेले संदर्भ येतात. त्यातला डीओआय कधी मुळात नसतोच, कधी उघडतो पण लेख भलताच निघतो. म्हणून उघडून शीर्षक आणि लेखक ताडून बघा. आणि डीओआय म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्यांकडेही तो असतो.

तळटीप: पटलं, ताडून बघणंही नियमात घालू. पण मराठीवाल्यांनी हातावर हात ठेवून का बसायचं? सर्न या युरोपीय संशोधनसंस्थेच्या झेनोडो या खुल्या ऑनलाइन भांडारात लेख चढवला की डीओआय फुकट मिळतो.

बखरवाला: चढवायचा कुणी? लेखाचे हक्क लेखकाच्या वारसांकडे, ते कुठे आहेत हे संपादकालाही ठाऊक नाही. त्यांची परवानगी मिळेपर्यंत विद्यार्थ्याने प्रबंध अडवून ठेवायचा का, तेवढं सांगा.