मदत हवी आहे: टॉर फुटत नाही तर डार्क वेबवाले पकडले कसे जातात?

नमस्कार मंडळी,

आमच्या ऑफिसात दर महिन्याला कुणीतरी एका विषयावर अर्धा तास बोलायचं असतं, मी कुठल्या झोकात "डार्क वेब घेतो" म्हणून बसलो देव जाणे, आणि आता जितकं वाचतोय तितका गुंता वाढतोय. मी अकाउंट्सवाला आहे, प्रोग्रामिंगशी संबंध नाही, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

मला जे कळलंय ते आधी टाकतो, चुकलं तर कान धरा. डीप वेब म्हणजे गूगलवर सापडत नाही ते सगळं, आपला इमेल, बँकेचं खातं वगैरे, त्यात काही काळंबेरं नाही. डार्क वेब हा त्यातला छोटा कोपरा, तिथे जायला टॉर नावाचं ओळख लपवणारं सॉफ्टवेअर लागतं. टॉरमध्ये डेटा तीन कॉम्प्युटरमधून फिरत जातो, पहिल्याला कळतं कोण पाठवतंय पण कुठे ते नाही, शेवटच्याला कळतं कुठे पण कोण ते नाही, मधला नुसता हमाल. ही आयडिया १९९० च्या दशकात चक्क अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत निघाली.

आता अडतंय ते असं, की टॉर फुटत नाही म्हणतात, मग सिल्क रोड ह्या डार्क वेबवरच्या ड्रग्जच्या बाजाराचा मालक २०१३ मध्ये सापडला कसा? आणि सापडतातच तर सव्वा महिन्यात सिल्क रोड २ उघडलं कसं? दोन्ही एकदम खरं कसं काय? शिवाय तिथे पैसे ज्यात देतात त्या बिटकॉइनला कुणी गुप्त म्हणतं, कुणी उघडं म्हणतं.

रिकामटेकडा:
छोटी दुरुस्ती, डॉट ओनियन साईट (म्हणजे फक्त टॉरवरच उघडणारी) असेल तर साईटच्या बाजूनेही तीन कॉम्प्युटर असतात, म्हणजे सर्व्हर कुठे आहे तेही झाकलेलं. पोलिसांची मुख्य डोकेदुखी तीच, वॉरंट काढायचं तर कुठल्या देशातल्या कुठल्या पत्त्यावर?

आणि बहुतेक वेळा टॉर फोडावं लागतच नाही, माणूस चुकतो. सिल्क रोडच्या रॉस उल्ब्रिक्टने २०११ मध्ये साईटची जाहिरात एका टोपणनावाने केली आणि नंतर त्याच टोपणनावाने आयटीचा माणूस हवा म्हणून स्वतःच्या नावाचा जीमेल पत्ता दिला. हे शोधलं टॅक्स खात्याच्या माणसाने, साधं गूगल करून (तुम्हाला आवडेल म्हणून सांगतोय). अटक सॅन फ्रान्सिस्कोच्या लायब्ररीत, लॅपटॉप चालू असताना. बंद झाला असता तर एन्क्रिप्शनमुळे, म्हणजे डेटा पासवर्डशिवाय वाचता येत नसल्यामुळे, हाती काही लागलं नसतं. अल्फाबे ह्या तशाच दुसऱ्या मार्केटवाल्याचं तर काय सांगावं, नव्या मेंबरला जाणाऱ्या मेलमध्ये त्याचाच हॉटमेल पत्ता दिसत होता.

उलटतपासणी:
तांत्रिक बाजू झाली, पण खरा घोळ कायद्याचा आहे. २०१७ मध्ये हान्सा नावाचं मार्केट डच पोलिसांनी बंद न करता महिनाभर गुपचूप स्वतः चालवलं, मधेच अल्फाबे बंद झालं आणि तिथलं गिऱ्हाईक पळत थेट पोलिसांच्या दुकानात. गिऱ्हाइकांचे पत्ते एन्क्रिप्ट व्हायच्या आधीच नोंदले जात होते.

हे भारी वाटतं, पण २०१५ मध्ये एफबीआयने प्लेपेन ही लहान मुलांच्या शोषणाची साईट अशीच दोनेक आठवडे चालू ठेवली होती, आणि ते मला आजही पचत नाही. व्हर्जिनियातल्या एका वॉरंटवर साईटवर येणाऱ्यांच्या कुठल्या कुठल्या कॉम्प्युटरमध्ये त्यांचा माग काढणारं सॉफ्टवेअर घुसवलं, काही कोर्टांनी पुरावाच नाकारला, २०१६ च्या डिसेंबरपासून वॉरंटचा नियमच बदलला. एका केसमध्ये तर त्या सॉफ्टवेअरचा कोड दाखवण्यापेक्षा सरकारने केस सोडून दिली. म्हणजे पकडता येतं हो, सिद्ध करताना बोंब.

रिकामटेकडा:
बिटकॉइनचं राहिलं. ती जाहीर खातेवही आहे, फक्त खात्यावर नाव नाही. एकदा एक्स्चेंजवर (बिटकॉइन देऊन नेहमीचे पैसे मिळतात तिथे) पैसे काढायला गेलात की नाव चिकटलं, मग मागच्या सगळ्या नोंदी तुमच्या. सिल्क रोडच्या तपासातल्याच दोन सरकारी लोकांनी बिटकॉइन लांबवले होते, त्यांच्या खटल्यातही ह्याच नोंदी पुढे आल्या. म्हणून तर आता बरेच जण मोनेरो हे दुसरं डिजिटल चलन वापरतात, त्यात पाठवणारा आणि रक्कम दोन्ही झाकलेलं असतं.

धागाकर्ता:
मंडळी, _/\_ खातेवही म्हटल्यावर डोक्यात लख्ख उजेड पडला, सुरुवात हान्सापासूनच करतो. शेवटचं एक, ऑफिसच्या लॅपटॉपवर टॉर टाकून लाइव्ह दाखवलं तर चालेल का?

उलटतपासणी:
नका. टॉरवर काय करताय ते दिसत नाही, पण टॉर वापरताय हे नेटवर्कवाल्याला बरोबर दिसतं. २०१३ मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्याने परीक्षा टाळायला टॉरवरून बॉम्बची धमकी पाठवली, कॉलेजचंच वायफाय वापरून, त्यांनी फक्त त्या वेळी टॉरवर कोण होतं ते बघितलं. स्क्रीनशॉट दाखवा, नाहीतर आधी आयटीवाल्यांकडून लेखी परवानगी घ्या.