मॉर्फिन सुरू केलं म्हणजे शेवट आला, हा समज कसा काढायचा?

गृहभेट_सिस्टर
कॅन्सर पेशंटच्या घरी मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध, देऊन आलं की पुढच्या भेटीत निम्म्या गोळ्या पाकिटात तशाच असतात. "सवय लागेल", "श्वास थांबेल", "अगदीच सहन होईना झालं की देऊ." हॉस्पिसचं (बरं न होणाऱ्या पेशंटची सेवा करणाऱ्या संस्थेचं) नाव काढलं की वाटतं, डॉक्टरांनी हात टेकले. घरच्यांना नेमकं काय सांगावं?

वेदनाशमन
ताई, "दुखलं की द्या" हे वाक्य आधी बंद करा, सगळा घोळ तिथून सुरू होतो. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. दुखणं पुन्हा चढू दिलं की ते आटोक्यात आणायला जास्त औषध लागतं, मग गुंगी येते आणि दोष मॉर्फिनवर जातो. म्हणून घड्याळ लावून द्यायचं: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्रीचा डोस बहुधा दुप्पट देतात, म्हणजे पहाटे २ ला उठवावं लागत नाही. मध्येच कळ आली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला जादा डोस द्यायचा आणि वेळ वहीत टिपायची. त्या नोंदीवरूनच पुढचा डोस ठरतो.

सुरुवात बहुधा ५ ते १० मिलिग्रॅमने, अशक्त वृद्धांना २.५ ने. दुखण्याच्या मापाने हळूहळू वाढवत नेलं तर श्वास थांबत नाही. पहिले दोन-तीन दिवस झोप जास्त येते, ती कित्येक रात्रींची राहिलेली झोपही असते. खरी काळजी किडनी कमजोर असेल तर, कारण औषध अंगात साठतं. हातपाय झटकणं, भास होणं, हाक मारूनही जाग न येणं, श्वास फार मंद होणं, यातलं काहीही दिसलं तर पुढचा डोस न देता लगेच फोन.

शरीराला सवय होते, म्हणून एकदम तोडायचं नाही. पण ते व्यसन नव्हे. रेडिएशनने दुखणं उतरलं की डोसही टप्प्याटप्प्याने उतरवतात.

वॉर्ड_नंबर_७
यात बद्धकोष्ठ राहून गेलं. मळमळ आठवड्याभरात ओसरते, बद्धकोष्ठ मात्र मॉर्फिन असेपर्यंत राहतं. रेचक पहिल्याच दिवसापासून हवं, बिसाकोडिल किंवा सोनामुखीचं. इसबगोल नको, पाणी कमी जात असेल तर आत गोळा होतो. तीन दिवस शौचाला झालं नाही की पोट दुखतं, आणि घरचे बंद करतात ते मॉर्फिनच!

सांत्वन
हॉस्पिसबद्दल: भारतातलं पहिलं, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६ चं. तिथे बरं न होणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटची सेवा होते. पण वेदनाशमनाला तेवढं थांबायची गरज नाही, ते केमोबरोबरही चालतं. २०१० साली अमेरिकेत फुप्फुसाच्या कॅन्सरवर अभ्यास झाला. त्यात निदानानंतर लगेच वेदनाशमनाची ही सेवा मिळालेले पेशंट साधारणपणे (मध्यक) ११.६ महिने जगले, नेहमीचेच उपचार मिळालेले ८.९. "हात टेकले" म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

गृहभेट_सिस्टर
गिळता येत नसेल तर?

वेदनाशमन
साधी गोळी कुस्करून पाण्यातून किंवा नाकातल्या नळीतून चालते. पाकिटावर एसआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) लिहिलं असेल तर कधीच कुस्करू नका, बारा तासांचं औषध एकदम सुटतं.