नव्या बेस गिटारचा सेटअप घरी करताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न

गेली ८ वर्षे मी सहा तारांची गिटार वाजवते आहे; बेस गिटार मात्र मागच्या आठवड्यात पहिल्यांदाच घेतली. ३४ इंच स्केलची (म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी), स्क्रूने जोडलेल्या नेकची (मानेची), दोन पिकअप (तारेचा कंप पकडणारे चुंबकी भाग) असलेली साधी पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेली, बेस आहे. कारखान्यातून चढवून आलेल्या तारा ०.०४५ ते ०.१०५ इंच जाडीच्या आहेत. खोक्यातून काढली तेव्हा चारही तारा बऱ्याच उतरवलेल्या होत्या. त्या ई, ए, डी, जी अशा जुळवल्या आणि तेव्हापासून तीन गोष्टी छळत आहेत.

पहिली म्हणजे, ई तार पहिल्या पाच फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) झणझणते. तिसऱ्या फ्रेटवर तर सैल पत्र्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज येतो. दुसरी, बाराव्या फ्रेटच्या पुढे तारा इतक्या उंच आहेत की दाबताना बोट दुखते. तिसरी, खुली ई तार जुळवताना ट्यूनरचा काटा एका जागी ठरतच नाही, आणि कसाबसा ठरला तरी बाराव्या फ्रेटवरचा सूर चढा लागतो.

झणझण जावी म्हणून सॅडल (धडाच्या टोकाला तारा ज्यांवर टेकतात ते छोटे आधार) आणखी उचलावेत असे मनात आहे. परंतु तारा आधीच उंच आहेत, त्यामुळे हात धजावत नाही. ट्रस रॉडला (नेकच्या आतली, तिचे वळण ठरवणारी धातूची दांडी) मी आजवर कधी हात लावलेला नाही. घरी ॲलन की (षटकोनी चावी), स्टीलची पट्टी, कॅपो (तारा फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) आणि क्लिपचा ट्यूनर आहे. एवढ्यावर हे काम होण्यासारखे आहे का, आणि असल्यास कोणत्या क्रमाने करावे?

उत्तर १

सॅडल उचलण्याचा मोह आवरा. तुमच्या वर्णनावरून दुखणे सॅडलचे नसून नेकचे दिसते. तारा उंच असूनही फक्त पहिल्या पाच फ्रेटवर झणझण येत असेल, तर नेक गरजेपेक्षा सरळ असतो किंवा किंचित मागे वाकलेला असतो. कंप पावणारी तार मधोमध सर्वांत मोठा झोका घेते, आणि बेसच्या जाड तारांचा झोका गिटारच्या तारांपेक्षा बराच मोठा असतो. त्याला जागा मिळावी म्हणून नेकला तारांच्या बाजूने अगदी हलके खोलगट वळण ठेवतात. त्यालाच रिलीफ म्हणतात. चार तारांची एकत्रित ओढ साधारण ७० ते ८५ किलो वजनाइतकी असते आणि ट्रस रॉड तिला उलट बाजूने तोलून धरतो. तारा उतरवून ठेवल्या की रॉडला विरोध करणारे काही उरत नाही आणि नेक मागे जातो. तुमच्या बेसचे प्रवासात असेच झाले असावे.

मोजल्याशिवाय काहीही फिरवू नका. तारा पूर्ण सुरात लावून बेस वाजवण्याच्या स्थितीत धरा; मांडीवर आडवी टाकून मोजले तर नेक स्वतःच्या वजनाने थोडा वेगळा वागतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, नेक जेथे धडाला मिळतो त्या फ्रेटवर ई तार दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटचा माथा व तारेचा तळ यांमधली फट पाहा. ती ०.३ मिलीमीटरच्या आसपास असावी. फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) नसेल तर साधे व्हिजिटिंग कार्ड वापरा: ते तारेला न उचलता जेमतेम सरकले, म्हणजे फट बरोबर आहे. तार फ्रेटला टेकलेलीच असेल तर तिसऱ्या फ्रेटवरच्या पत्र्याचा उलगडा तेथेच झाला.

रॉडचा नट घड्याळाच्या उलट दिशेने फिरवला की रिलीफ वाढतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की कमी होतो. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. त्यानंतर तारा पुन्हा जुळवायच्या आणि पुन्हा मोजायचे. लाकूड आपल्या सवडीने हलते, म्हणून दुसरा पाव फेरा शक्यतो दुसऱ्या दिवशी द्यावा. चावी मात्र नेमक्या मापाची आणि पूर्ण खोल बसलेली हवी. ४ मिलीमीटरची चावी ५ मिलीमीटरच्या नटात फिरवून नटाच्या कडा गुळगुळीत केलेल्या बेस मी पाहिल्या आहेत, आणि ती दुरुस्ती घरी होत नाही. नट पूर्ण सैल झाला तरी रिलीफ येत नसेल, तर तेथेच थांबून बेस कारागिराकडे द्यावी.

रिलीफ जमल्यानंतरच तारांची उंची पाहायची, कारण नेक हलला की उंचीही बदलते. सतराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरून फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या तळापर्यंत मोजा: ई तारेखाली सुमारे २.४ मिलीमीटर आणि जी तारेखाली २ मिलीमीटर ही सुरुवातीला चालणारी मापे आहेत. मधल्या दोन तारा फिंगरबोर्डच्या गोलाईप्रमाणे बसवायच्या, सरळ रेषेत नव्हे. प्रत्येक सॅडलचे दोन्ही स्क्रू सारखेच फिरवा, नाहीतर सॅडल तिरका होऊन तार एका बाजूला सरकते.

बाराव्या फ्रेटचा सूर सर्वांत शेवटी. बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला नुसता स्पर्श करून मिळणारा हार्मोनिक आणि तेथेच दाबून वाजवलेला सूर यांची तुलना करा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, म्हणजे नेकपासून दूर न्यायचा. उतरलेला असेल तर पुढे आणायचा. सॅडल सरकवण्यापूर्वी तार थोडी सैल करणे बरे. फेंडरने १९५१ मध्ये फ्रेट असलेल्या बेसला ‘प्रिसिजन’ हे नाव दिले ते फ्रेटमुळे सूर नेमका लागतो म्हणून; पण सॅडल जागेवर नसतील तर तो नेमकेपणा कागदावरच राहतो.

ट्यूनरचा काटा ठरत नाही हा तुमचा किंवा बेसचा दोष नव्हे. खुल्या ई तारेचा सूर ४१.२ हर्ट्झचा असतो आणि क्लिपच्या ट्यूनरला इतका खालचा सूर पकडणे जड जाते. बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक ८२.४ हर्ट्झचा असतो; त्यावरून तार जुळवा. तारेला अंगठ्याने हळू छेडा, कारण जोरात छेडलेली जाड तार सुरुवातीला चढूनच बोलते.

उत्तर २

वरील क्रमाशी मी सहमत आहे. माझा आक्षेप मुहूर्ताला आहे. बेस नुकतीच सुरात आली आहे, तेव्हा रॉडला हात लावण्याआधी ती २ दिवस पूर्ण ताणाखाली, खोलीच्या हवेत तशीच राहू द्यावी आणि दिवसातून एकदा जुळवावी. मागे गेलेला नेक निदान काही अंशी आपोआप पुढे येतो. पहिल्याच संध्याकाळी अर्धा फेरा देणारे लोक तिसऱ्या दिवशी तो परत घेताना दिसतात.

दुसरे असे की, कारखान्यातल्या तारा बदलायच्या असतील तर त्या आत्ताच बदला. सेटअप नुसत्या बेसचा नसतो, त्या तारांसह असतो; ०.१०० च्या ई तारेची ओढ ०.१०५ पेक्षा कमी असते आणि तेवढ्यानेही नेक हलतो. एका वेळी एकच तार काढा. नवी तार तिच्या खुंटीच्या पुढे १०-१२ सेंटीमीटर जास्त ठेवून आधी काटकोनात वाकवा आणि मग वाकवलेल्या भागाच्या पलीकडे कापा; सरळ तार कापली तर तिचे वरचे वेष्टन आतल्या गाभ्यावरून सुटू शकते आणि तार कायमची मुकी होते. टोक खुंटीच्या भोकात घालून दोन-तीन वेढे वरून खाली येऊ द्या. तार सुरात आल्यावर सॅडलच्या आणि नटच्या (रॉडचा नट नव्हे; नेकच्या वरच्या टोकाची, तारांसाठी खाचा असलेली पट्टी) लगत, कंप पावणाऱ्या बाजूने, तिला बोटाने हलके दाबा. जाड तार तेथे कमानीसारखी उठलेली राहते, आणि ती कमान मोडेपर्यंत बाराव्या फ्रेटचे माप खोटेच येते. ही एक ओळ मला कोणी आधी सांगितली असती, तर एक अख्खी दुपार सॅडल पुढे-मागे करण्यात गेली नसती.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तारा सध्या त्याच ठेवल्या आहेत. पहिल्या दिवशी मोजले तेव्हा तार सातव्या फ्रेटला टेकलेलीच होती. दोन दिवसांनी तिच्याखाली साधा कागद सरकू लागला, कार्ड मात्र नाही. मग पाव फेरा सैल केला, आणि रात्रभर ठेवल्यावर सकाळी कार्ड जेमतेम सरकले. तिसऱ्या फ्रेटवरचा पत्रा गेला! जोरात छेडल्यास थोडी झणझण उरते, पण ती केबल लावल्यावर ॲम्पमधून ऐकू येत नाही.

उंची ई तारेखाली तब्बल ३.५ मिलीमीटर निघाली; ती २.५ वर आणली. ई तारेचा सॅडल बराच मागे गेला, इतर तिन्ही तारांच्या मागे. हे असेच असते ना?

आता एक नवीच तक्रार. जी तार पाचव्या आणि सहाव्या फ्रेटवर इतर जागांसारखी लांबत नाही. झणझण नाही, खरखर नाही. सूर निघतो आणि पाण्यात खडा बुडावा तसा लगेच नाहीसा होतो. शिवाय जी तार एकंदरीतच ई तारेपेक्षा दबकी वाटते. माझ्या हातून काही बिघडले का?

उत्तर ३

ई तारेचा सॅडल सर्वांत मागे असणे अगदी रास्त आहे; जाड तार दाबली की जास्त चढते, म्हणून तिला लांबी थोडी अधिक द्यावी लागते.

जी तारेवर तुमच्या हातून काहीही बिघडलेले नाही. याला डेड स्पॉट म्हणतात, आणि स्क्रूने जोडलेल्या नेकच्या बेसवर तो बहुधा जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटदरम्यानच सापडतो. नेकचा स्वतःचा कंप त्या सुराशी जुळतो आणि तारेची ऊर्जा नेकच पिऊन टाकतो. खात्री करून घ्यायची असेल तर तेच सूर डी तारेवर दहाव्या आणि अकराव्या फ्रेटवर वाजवा. तेथे ते व्यवस्थित लांबले तर फ्रेट, सॅडल आणि तुम्ही, सगळेच निर्दोष. यावर ट्रस रॉड हे औषध नाही, म्हणून त्याच्या वाटेला पुन्हा जाऊ नका. हेडस्टॉकवर (नेकच्या टोकाच्या, खुंट्या असलेल्या भागावर) थोडे वजन वाढवले तर ही जागा सरकते. तुमचा क्लिपचा ट्यूनर तेथे लावूनच पाहा.

जी तार दबकी वाटणे हा मात्र पिकअपच्या उंचीचा प्रश्न आहे. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजा: ई तारेखाली ३ मिलीमीटरच्या आसपास, जी तारेखाली २.५ च्या आसपास ठेवा, आणि पुढे कानावर विसंबा. फार जवळ नेऊ नका, कारण लोहचुंबक तारेला खेचू लागला की सूर डळमळतो आणि बाराव्या फ्रेटवर केलेली सगळी मेहनत संशयास्पद वाटू लागते.

आता तारांच्या खाचांचा नट राहिला. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवर पाहा. तेथे कागदाएवढी फट असेल तर पुरे. फट मोठी असेल तर पहिल्या दोन फ्रेटवरचे सूर चढे लागतील, पण कानस घरी चालवू नका. नटची खाच एकदा खोल गेली की खुली तार झणझणू लागते आणि नट नवाच बसवावा लागतो.

प्रश्नकर्ती

डी तारेवर दोन्ही सूर छान लांबले. ट्यूनर हेडस्टॉकच्या अगदी टोकाला लावल्यावर सहावा फ्रेट बोलू लागला. पाचवा आहे तसाच आहे. जी तारेच्या बाजूने पिकअप अर्धा फेरा वर घेतला आणि तिचा दबकेपणा गेला. नटसाठी पहिल्या फ्रेटवर पाहिलेली फट कागदाएवढीच निघाली, म्हणून तेथे काहीच केले नाही. पाचव्या फ्रेटवरचा तो सी लांबवायचा असेल तेव्हा सध्या डी तारेवरच वाजवते आहे.